दोनशे बारा नंबरचा ब्रॅकेट

आदिलाबादजवळच्या मावल्याच्या वनमालाने उभ्या जन्मात कधी विमानात पाय ठेवला नव्हता. तरी नऊ वर्षं एक विमान तिच्या हाताखालून जात होतं. साधंसुधं नव्हे, रणगाडा पोटात घालून उडणारं, चार इंजिनांचं फौजी मालवाहू विमान. सबंध विमान कुठलं, त्याचा एक ब्रॅकेट. या विमानाच्या शेपटीकडचा भला मोठा दरवाजा खाली टेकतो आणि त्याच्यावरूनच ट्रक आत चढतात. तो दरवाजा ज्या बिजागऱ्यांवर फिरतो, त्यांना विमानाच्या अंगाशी धरून ठेवणारा हा तुकडा. दोन्ही हातांनी उचलावा एवढा, चार भोकांचा. एका विमानाला असे दोन लागत. विमान जुळायचं सातासमुद्रापार, पण हे ब्रॅकेट हैदराबादजवळच्या एका कारखान्यात घडत, आणि ते नीट घडले की नाही हे बघायचं काम वनमालाचं.

तिचे वडील गोपाळराव आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत महसुलाचे कारकून होते. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि जुन्या दप्तरात उर्दू, तिन्हीकडे त्यांचं सारखंच चालायचं. मुलीने शाळेत मास्तरीण व्हावं असं त्यांच्या मनात होतं. मुलीने मात्र बाराव्या वर्षी आईचं शिवणयंत्र खोललं आणि पुन्हा जोडलं. पुढच्या वर्षी परत खोललं, तेव्हा ते आधीपेक्षा हलकं चालायला लागलं. आई रेणुकाबाई जास्त बोलणारी बाई नव्हती. तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "पोरीले यंत्राच्या शाळेत घाला. लोक काय म्हन्तीन ते मी पाहून घेतो."

आयटीआयच्या फिटरच्या वर्गात वनमाला एकटी मुलगी होती. तिथून ती हैदराबादला गेली. आधी एका छोट्या वर्कशॉपमध्ये होती, मग या कारखान्यात लागली. लग्नाची बोलणी तीनदा झाली आणि तीनदा मोडली. चौथ्यांदा तिनेच नको म्हटलं. बत्तिसाव्या वर्षी ती तपासनीस झाली आणि तिला स्वतःचा शिक्का मिळाला. चौतीस नंबरचा. तो शिक्का ज्याच्या कागदावर उठला नाही तो ब्रॅकेट कारखान्याच्या फाटकाबाहेर पडत नसे.

तपासणीची खोली काचेची होती आणि बारा महिने वीस अंशांवर थंड ठेवलेली असायची. उन्हाळ्यात बाहेर माणसं भाजून निघत तेव्हा वनमाला आत स्वेटर घालून बसे. ब्रॅकेट दगडी टेबलावर ठेवायचा, चार भोकांत एकेक करून गेज उतरवायचं, काटा स्थिर झाला की आकडा आधी आपल्या वहीत टिपायचा आणि मग छापील तक्त्यावर चढवायचा. आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत. तक्त्यावर तिचा शिक्का बसला की खाली नरसिंगरावांची सही होई. नरसिंगराव तिचे वरिष्ठ, करीमनगरकडचे तेलुगू गृहस्थ, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. कुणाच्या कामावर ते सहसा विश्वास टाकत नसत. वनमालाच्या मात्र टाकत.

दोन हजार तेराला बातमी आली की हे विमान आता बंद होणार. गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हातातली मागणी पुरी करायची आणि काम आवरायचं असा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी राज्य वेगळं झालं, कारखान्याच्या पाटीवरचं आंध्र प्रदेश पुसून तेलंगणा लिहिलं गेलं, आणि आत ब्रॅकेटचा आकडा तीनशेकडे सरकत राहिला. तीनशे अठरावा ब्रॅकेट हा शेवटचा. तो दोन हजार पंधराच्या फेब्रुवारीत निघाला. पेढे वाटले, सगळ्यांनी ब्रॅकेटभोवती उभं राहून फोटो काढला. फोटो झाल्यावर नरसिंगराव जे बोलले ते वनमालाच्या डोक्यात बसलं.

"आता हा तुकडा जगात कुठंच होणार नाही," ते तेलुगूत म्हणाले. "साचे मोडणार, मशीन दुसऱ्या कामाला जाणार. आणि विमानं अजून तीस वर्षं उडणार आहेत. जे आपण दिलं त्याच्यावरच."

आठवड्याभरात साचे मोडले. निम्मी माणसं दुसऱ्या कारखान्यांत गेली. वनमालाला बेंगळुरूची जागा देऊ केली होती, पण मावल्याच्या घरात गोपाळराव एकटे होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. चार वर्षांपूर्वी रेणुकाबाई गेल्यापासून ते स्वतःच्या हाताने भाकरी थापून खात. वनमालाने सामान बांधलं आणि ती घरी आली. जूनपासून तिला आदिलाबादच्या आयटीआयमध्ये कंत्राटावर शिकवायचं काम मिळालं. ज्या वर्गात ती शिकली त्याच वर्गात ती मापं शिकवू लागली.

इथवर सगळं सरळ होतं.

जुलैमध्ये एका रविवारी तिने हैदराबादहून आणलेली ट्रंक उघडली. मापाची वही कशी ठेवतात ते पोरांना खऱ्या पानावर दाखवावं असं तिच्या मनात आलं होतं. नऊ वर्षांच्या वह्या होत्या. तिने सुबक अक्षराचं पान शोधायला म्हणून मधली एक वही काढली आणि चाळता चाळता दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्ये येऊन थांबली.

दोनशे अकरा नंबरचा ब्रॅकेट. चार भोकं: ३८.१०८, ३८.१११, ३८.१०६, ३८.११३.

त्याच्या खाली दोनशे बारा नंबर. ३८.१०८, ३८.१११, ३८.१०६, ३८.११३.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एक आकडा जुळतो, कधी दोनही जुळतात. चारही जुळतात, तेही त्याच क्रमाने, असं तिने हजारो आकडे लिहिले त्यांत कधी पाहिलं नव्हतं. पानाच्या वर तारीख होती. ती तारीख तिला वाचायची गरज नव्हती. त्या दिवशी साडेअकराला आदिलाबादहून फोन आला होता, आईला दवाखान्यात नेलंय, ताबडतोब निघ म्हणून. संध्याकाळी पेटी रवाना व्हायची होती आणि टेबलावर एकच ब्रॅकेट उरला होता. तेवढा उरकून निघते, असं ती कुणाला तरी म्हणाल्याचं तिला आठवत होतं. बस निर्मळला पोचायच्या आत आई गेल्याचा दुसरा फोन आला, तेही आठवत होतं. बसच्या खिडकीची काच कशी अडकत होती ते आठवत होतं. दोनशे बाराच्या भोकांत गेज उतरवल्याचं मात्र आठवत नव्हतं. किती जोर दिला तरी नाही.

त्या दिवसापासून वनमालाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ती वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राही आणि काय लिहायला वळले होते तेच विसरे. दहाएक मिनिटं शिकवलं की तिला खिडकीशी जावंसं वाटे. मावला ते आदिलाबाद ऑटोत बसायचं सोडून ती चालत जायला लागली, आणि चालतानाही पाय भराभर उचले, जणू कुठे उशीर झालाय. घरी आली की या खोलीतून त्या खोलीत. तांदूळ निवडायला घेई, अर्धवट टाकून कपाट आवरायला लागे. ती स्वतःलाच समजावे की भोकं मशीननेच पाडलेली होती, मशीन चांगलं होतं, चारपाच वर्षं विमान उडतंय, काही झालं असतं तर कळलं असतं. मग लगेच दुसरं मन म्हणे, अजून पंचवीस वर्षं उडायचंय. झीज भोकातूनच सुरू होते. पाच ब्रॅकेटांमागे एक मोठ्या मशीनवर चढवून पुन्हा तपासला जात असे. दोनशे बारा त्यांत नव्हता. तो फक्त तिच्या शब्दावर गेला होता.

गोपाळराव बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलंच.

"वनू, काऊन फिरून राह्यली घरात? पायाले भिंगरी लागली का?"

"काही नाही बाबा."

"काही नाही त बस न मंग."

ती बसली आणि दोन मिनिटांनी उठली.

दिवाळी होऊन गेली. भीमपूरला तिची मावशी जयवंताबाई राहायची, तिच्या शेतात कापसाची दुसरी वेचणी चालली होती. वनमाला चार दिवस रजा टाकून तिकडे गेली. हाताला काम असलं की डोकं थांबेल असं तिला वाटलं. दिवसभर ती बायकांबरोबर ओटीत कापूस वेचे, आणि तिचा हात सगळ्यांच्या पुढे पळे. "तुले कोन मागं लागलं बाई," मावशी म्हणायची. "कापूस कुठी पळून जात नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला सगळ्या घरी आल्या, तेव्हा टीव्ही चालू होता. दक्षिणेत कुठे तरी पुराने शहर बुडालं होतं. धावपट्टीवर एक विमान उभं होतं, आणि वनमालाने ते पाठमोरं असताना ओळखलं. शेपटीकडचा दरवाजा हळूहळू खाली आला, जमिनीला टेकला. त्याच्यावरून माणसं चढायला लागली. म्हाताऱ्या बायका, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, खुर्चीत बसवून उचललेला एक माणूस.

"पाय तं, कसं पोट उघडलं त्याचं," जयवंताबाई कौतुकाने म्हणाली. "यातलंच तू बनवत होती न? कोनतं होय तुयं?"

वनमालाला बोट दाखवता आलं नाही. पडद्यावरचं विमान दोनशे बाराचंच असेल असं नव्हतं, बहुधा नव्हतंच. अशी विमानं अडीचशेच्या वर होती, जुन्यांचे ब्रॅकेट दुसरीकडचे होते, आणि ती जगभर पसरलेली होती. पण एक म्हातारी त्या दरवाजावर मधेच थांबली आणि मागे वळून पाहू लागली, तेव्हा वनमालाच्या हातातला घास ताटात परत गेला. ती हात धुवायला उठली, आणि तशीच पिशवी भरून संध्याकाळच्या आत मावल्याला पोचली.

त्या दिवशी तिने वडिलांपुढे वही उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. गोपाळरावांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. त्यांना गेज समजत नव्हतं, पण नोंद समजत होती. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नोंदीच तपासल्या होत्या.

"हे उतरवलेलं आहे," ते म्हणाले. "वरच्या ओळीतून खाली."

"मला आठवत नाही बाबा."

"तुले आठवायची गरज नाही. कागद सांगून राह्यला." त्यांनी वही मिटली नाही. मग म्हणाले, "तुयी माय तिकडं चालली होती. कोनाचाही हात असाच चालला असता. पन नोंद चूक आहे त चूक आहे. ज्याचा कागद आहे त्याले कळवलं पाह्यजे. तोंडी नाही, लिहून."

"नोकरी असती तर गोष्ट वेगळी होती. आता कारखान्यातलं ते काम संपलं. मी कोण सांगणारी?"

"शिक्का कोनाचा आहे त्याच्यावर?"

"माझा."

"मंग झालं."

पण परस्पर लिहिणं वनमालाला बरं वाटेना. तक्त्यावर नरसिंगरावांचीही सही होती. आधी त्यांना सांगायला हवं. शुक्रवारची बस धरून ती हैदराबादला गेली. घाट उतरताना तिला एकदम वाटलं की मधेच उतरावं आणि परत फिरावं. ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसून राहिली.

कारखान्यात तिची काचेची खोली होती तशीच होती, पण आत दुसरीच माणसं दुसरंच काही तपासत होती. नरसिंगरावांनी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, इडली मागवली, वडिलांची चौकशी केली. तिने वही पुढे सरकवली. त्यांनी पान पाहिलं, मागचं उलटलं, पुन्हा तेच काढलं.

"वनमालागारू, वदिलेय्," ते शेवटी म्हणाले. सोडून दे. "गिऱ्हाइकाने सगळे कागद मंजूर केलेत. साचा नाही, मशीन नाही, तुलना करायला दुसरा ब्रॅकेट नाही. तू हे उकरून काय मिळवणार आहेस?"

"तो तुकडा उडतोय, सर."

"उडू दे. चांगला आहे म्हणूनच उडतोय."

"चांगला आहे हे तुम्हाला कसं माहीत? मला माहीत नाही, आणि तपासणारी मी होते."

नरसिंगरावांनी इडलीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तो तसाच ठेवला. "मला निवृत्तीला सात महिने आहेत," ते म्हणाले. "पुढची दोन वर्षं मला ठेवून घेणार आहेत. त्या कागदावर माझी सही आहे, हे तुझ्या लक्षात आहे ना?"

"आहे. म्हणूनच आधी तुमच्याकडे आले."

ते उठले. फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

परतीच्या वाटेवर वनमाला रडली नाही, पण घरी आल्यावर चार दिवस तिने वहीला हात लावला नाही. नरसिंगरावांनी तिला काम शिकवलं होतं. गेज कसं धरायचं, श्वास रोखून काटा कसा वाचायचा, हे त्यांचंच शिकवणं. पाचव्या दिवशी तिने इंग्रजीत दीड पान लिहिलं. काय घडलं, कोणत्या तारखेला, का घडलं असावं. आईचं नाव तिने लिहिलं आणि खोडलं. "घरचा फोन" एवढंच ठेवलं. नरसिंगरावांबद्दल लिहिलं की त्यांनी माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून सही केली, त्यांचा दोष नाही. आदिलाबादच्या नेट सेंटरमध्ये जाऊन तिने ते पत्र आणि वहीच्या पानाचा फोटो कारखान्याच्या मुख्य गुणवत्ता अधिकाऱ्याला आणि विमान बनवणाऱ्या कंपनीला एकदमच पाठवून दिला. बटण दाबलं तेव्हा हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. जानेवारीत दोन ओळींचं उत्तर आलं की पत्र पोचलं, विमान ओळखलं गेलं आहे, ठरलेल्या तपासणीला ते हँगरमध्ये येईल तेव्हा ब्रॅकेट पाहिला जाईल. कधी येईल ते लिहिलं नव्हतं. वनमाला दिवसातून चारदा फोन उघडून पाही. कुठे विमान पडल्याची बातमी आली की कोणतं, कुठलं, हे कळेपर्यंत ती हातातलं काम टाकून बातमी शोधत राही. एकदा वर्गात एका मुलीने माप न घेता शेजारच्या मुलीचा आकडा उतरवला, तर वनमालाने तिला इतक्या जोरात झापलं की सगळा वर्ग चिडीचूप झाला. मागाहून तिने त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि आपली वही दाखवली. "हे मी केलं," ती म्हणाली. मुलीला काय समजलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि ती निघून गेली.

इकडे जिल्ह्याचे चार जिल्हे होणार अशी हवा उठली होती. उन्हाळ्यात कचेरीतून गोपाळरावांना बोलावणं आलं. निजामाच्या वेळच्या उर्दू मिसली, म्हणजे जुन्या फायली, कोणत्या गावच्या आहेत ते वाचून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ते रोज दहाला डबा घेऊन जात आणि पाचला धुळीने माखून येत. त्यांच्या जन्मात त्यांनी गाव सोडलं नव्हतं आणि तरी ते चौथ्या राज्यात राहत होते. निजामाचं गेलं, हैदराबाद राज्य गेलं. छप्पन साली राजुरा तिकडे महाराष्ट्राच्या बाजूला गेला आणि आदिलाबाद आंध्रात राहिलं, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. "तवा बी असेच कागद वाटले होते," ते सांगत. "ह्या गावची मिसल तिकडं, त्या गावची इकडं. काही चुकीच्या गाडीत गेल्या त्या अजून सापडून नाही राह्यल्या." वनमाला ऐकत असे, पण तिचं लक्ष फोनकडे असे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर आलं. ती तेव्हा वर्कशॉपमध्ये होती. कातकामाची लेथ चालू होती, पोरं भोवती उभी होती. तिने लेथ बंद करायला लावली आणि भिंतीशी जाऊन वाचलं.

विमान तपासणीला आलं होतं. ब्रॅकेट काढून मोजला होता. चार भोकांचे आकडे दिले होते: ३८.११०, ३८.१०४, ३८.११७, ३८.१०९. चारही मर्यादेत. तडा नाही, झीज नेहमीइतकीच. ब्रॅकेट जागेवर परत बसवला आहे. कळवल्याबद्दल आभार.

तिने आकडे दुसऱ्यांदा वाचले. तुकडा चांगला होता. पण तिने लिहिलेल्या चार आकड्यांपैकी एकही त्यांत नव्हता. झिजेने भोक थोडं मोठं होऊ शकतं, लहान होत नाही, आणि यांतली दोन तर तिच्या आकड्यांहून लहान होती. म्हणजे तिने खरंच मोजलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर तिने एक आशा कुठे तरी आत धरून ठेवली होती, की कदाचित जगातला तो एक योगायोग असेल, चारही आकडे खरेच जुळले असतील. ती आशा त्या मिनिटाला संपली. विमानातल्या माणसांसाठी तिला हायसं वाटलं, खूप वाटलं. आणि स्वतःसाठी काय वाटलं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिने पोरांना पाच मिनिटं सुट्टी दिली.

महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. चौतीस नंबरचा शिक्का कायमचा रद्द केला होता आणि मान्य तपासनिसांच्या यादीतून तिचं नाव काढलं होतं. तिने ते अपेक्षितच धरलं होतं. जुन्या सोबतिणीकडून दुसरी बातमी कळली ती मात्र लागली. नरसिंगरावांना ताकीद मिळाली आणि दोन वर्षं ठेवून घ्यायचं बारगळलं. ते घरी बसले. वनमालाने तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तुकडा चांगला निघाला, मग त्या माणसाला कशाची शिक्षा झाली, हा प्रश्न घेऊन तिची येरझार पुन्हा सुरू झाली. तो तिने गोपाळरावांनाही विचारला. "मी असतो त मीही लिहाच म्हनलं असतं," एवढंच ते म्हणाले. "पन त्याचं वाईट झालं हे खरं आहे."

दसऱ्याला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माणसं इकडची तिकडे वाटली गेली तेव्हा आयटीआयतल्या कंत्राटी लोकांनाही हलवलं, आणि वनमालाला निर्मळ मिळालं. तिथे रुजू होऊन तिला तीन दिवस झाले होते. दुपारच्या सुट्टीत शिपाई सांगत आला, कुणी म्हातारे गृहस्थ भेटायला आलेत.

नरसिंगराव होते. कपाळावर कुंकवाचा टिळा, हातात प्रसादाची पुडी. सकाळी बासरच्या सरस्वतीच्या देवळात नातीचा अक्षराभ्यास होता, पाटीवर तिचं पहिलं अक्षर काढून झालं, घरचे परत गेले, आणि ते आदिलाबादला जायला निघाले होते. मावल्याच्या घरी फोन केला तर गोपाळरावांनी सांगितलं की वनू निर्मळला आहे.

वर्कशॉपमध्ये एका बाकावर दोघे बसले. तिने पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन भांडं बाकावर ठेवलं, आणि तिला वाटलं, आता बोल लावतील. लावावाच, असंही वाटलं.

"त्या दिवशी मी ते पाहिलं होतं," नरसिंगराव म्हणाले.

"काय पाहिलं होतं?"

"दोनशे बाराचा तक्ता. तू निघून गेलीस, तासाभराने माझ्या टेबलावर आला. वरचा दोनशे अकराचा होता. चारही आकडे सारखे दिसले मला. मी गेज घेऊन उठलोही होतो." ते हाताच्या रेषांकडे बघत होते. "मग वाटलं, वनमाला कधी चुकत नाही. आणि तिची आई आजारी आहे, परत आल्यावर तिला याचं विचारायचं म्हणजे... पेटी खिळे ठोकायला तयार होती. मी सही केली."

लेथवर तेलाचा एक थेंब जमत होता, तिकडे ती बघत राहिली.

"तू वही घेऊन आलीस तेव्हा मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तुझ्या पत्रात तू लिहिलंस, यांचा दोष नाही. ते मला कचेरीत वाचून दाखवलं. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही."

तिला राग आला. इतक्या महिन्यांत तिला दुसऱ्या कुणाचा राग आला नव्हता, आणि तो एकदम आला. वर्षभर ती एकटी त्या आकड्यांशी झगडत होती, आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "तुम्ही मला वदिलेय् म्हणालात," ती म्हणाली.

"म्हणालो."

"मी वेडी होत चालले होते, सर."

"माहीत आहे. मीही झोपलो नाही, पण ते तुला सांगून काय उपयोग." त्यांनी खिशातून चष्मा काढला. "मी आता लिहिलं तर चालेल का? शिक्षा तर झालीच आहे, त्यात भर पडणार नाही. पण कागदावर तुझं एकटीचंच नाव आहे. ते बरोबर नाही."

वनमाला उठली आणि कपाटातून चार कोरे कागद आणि पेन घेऊन आली. घडवायचा तुकडा ठेवायची फळी पुसून तिने त्यांच्यापुढे सरकवली.

"तारखेपासून सुरू करा," ती म्हणाली.

नरसिंगरावांनी तारीख लिहिली. पहिलं वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. तासाची घंटा झाली आणि पोरं दारात गोळा झाली. वनमाला त्यांना घेऊन शेजारच्या खोलीत गेली, गेज हातात कसं धरायचं ते दाखवलं, प्रत्येकाकडून तीनतीनदा माप घेववलं. पाऊण तासाने ती परत डोकावली, तेव्हा नरसिंगराव दुसऱ्या पानावर होते आणि अजून लिहीत होते.